पूर्वेची बोट पूर्वेला एकदाच आली

बोटींचं वेड असलेला माणूस भेटला की लोक पहिला प्रश्न टायटॅनिकचा विचारतात. त्यात त्यांची काही चूक नाही. सिनेमाने तेवढी एकच बोट घराघरात नेली. मीही त्याच दाराने आत शिरलो. पण हिमनगाची गोष्ट उलटसुलट वाचून संपली की माणूस आणखी मागे जायला लागतो, आणि मग त्याला १८६२ सालचा ऑगस्ट महिना सापडतो. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या पूर्व टोकाशी, माँटॉकच्या समुद्रात, रात्रीच्या वेळी एका प्रचंड आगबोटीचा तळ पाण्याखालच्या खडकावर घासला. बोट थोडी कलली, पुन्हा चालू लागली आणि स्वतःच्या वाफेवर न्यूयॉर्कच्या पाण्यात पोचली. तिथे पाणबुडे खाली उतरले तेव्हा कळलं की बाहेरच्या पत्र्याला सुमारे ८३ फूट लांब आणि ९ फूट रुंद भगदाड पडलं आहे. टायटॅनिक बुडायला अजून पन्नास वर्षं होती.

बोटीचं नाव ग्रेट ईस्टर्न. ती बुडाली नाही याचं कारण तिला दोन अंगं होती. बाहेरच्या लोखंडी पत्र्याच्या आत जेमतेम तीन फुटांवर दुसरं अख्खं अंग होतं, आणि ते तळापासून पाण्याच्या रेषेच्याही वरपर्यंत चढवलेलं होतं. टायटॅनिकला दुहेरी तळ होता, दुहेरी कुशी नव्हत्या. तो खडक अजून सागरी नकाशांवर आहे, ‘ग्रेट ईस्टर्न रॉक’ या नावाने.

तेव्हापासून टायटॅनिक माझ्या मनातून जी उतरली ती उतरलीच. मात्र ग्रेट ईस्टर्नचा नाद लागला तो तिच्या मजबुतीमुळे नव्हे. या बोटीचं गणित बरोबर होतं आणि धंदा पार चुकला होता. शिवाय तिच्या जन्माचं कारण होतो आपण, म्हणजे हिंदुस्थान आणि त्यापलीकडचे देश. ज्या समुद्रासाठी ती बांधली त्या समुद्रात ती कामासाठी एकदाच आली, तीही मुंबईला, आणि तेव्हा तिच्या पोटात भाड्याचा एकही प्रवासी नव्हता.

१८५०च्या सुमाराला आगबोटीची खरी अडचण यंत्राची नव्हती, कोळशाची होती. इंग्लंडहून केप ऑफ गुड होपला वळसा घालून हिंदुस्थान किंवा ऑस्ट्रेलिया गाठायचं तर वाटेत जागोजाग कोळसा भरावा लागे. तो कोळसा तिथे जमिनीतून निघत नव्हता. तोही शिडाच्या जहाजांनी ब्रिटनहून आणून टाकलेला असे. म्हणजे आगबोट पूर्वेकडे जितकी पुढे जाई तितका तिचा कोळसा महाग होत जाई. त्यामुळे लांबच्या मालवाहतुकीत शिडाचं जहाज वाफेला सहज पुरून उरत होतं.

इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंजिनिअरने यावर काढलेला तोडगा शाळकरी पोराला समजेल इतका सोपा होता. बोटीची लांबी, रुंदी आणि खोली दुप्पट करा. पोटातली जागा आठपट होते. पाणी कापताना होणारा विरोध मात्र साधारण चौपटच वाढतो. म्हणजे बोट पुरेशी मोठी केली की जाण्यायेण्याचा सगळा कोळसा घरूनच भरून घेता येतो आणि वर माल-माणसांना जागा उरते. ब्रुनेल हा हवेत मनोरे बांधणारा माणूस नव्हता. ग्रेट वेस्टर्न रेल्वे त्याने उभी केली होती. अटलांटिकवर नियमित फेऱ्या करणारी ‘ग्रेट वेस्टर्न’ आणि लोखंडी, पंख्यावर चालणारी ‘ग्रेट ब्रिटन’ या दोन्ही बोटी त्याच्याच. ईस्टर्न स्टीम नॅव्हिगेशन नावाच्या कंपनीच्या हातातून पूर्वेकडच्या टपालाचं कंत्राट पी अँड ओ कंपनीने नुकतंच पटकावलं होतं. कंपनी स्थापन झालेली आणि हाताला काम नाही, अशा वेळी १८५२ साली ब्रुनेलची योजना तिच्यापुढे आली.

बोट ठरली ६९२ फूट लांब. मुंबईकराला सांगायचं तर नऊ डब्यांच्या लोकलहून लांब आणि बारा डब्यांच्या लोकलहून आखूड. त्या काळातल्या मोठ्यातल्या मोठ्या आगबोटीच्या पाच-सहापट तिचं टनेज. ३०,००० लोखंडी पत्रे आणि ते जोडायला ३० लाख रिव्हेट, सगळे हाताने ठोकलेले. दोन्ही कुशींना ५६ फूट व्यासाची चाकं, मागे २४ फुटांचा पंखा, आणि एवढ्यावर भरवसा नको म्हणून सहा डोलकाठ्यांवर शिडंही. धुराडी पाच. प्रवासी ४,००० मावतील, सैन्य न्यायचं झालं तर १०,००० शिपाई. डोलकाठ्यांना खलाशांनी सोमवार ते शनिवार अशी वारांची नावं ठेवली होती. रविवारची काठी का नाही, असं विचारलं की समुद्रावर रविवार नसतो, हे उत्तर तयार असे.

एवढी बोट बांधायची कुठे? टेम्स नदीच्या काठी, लंडनच्या मिलवॉलला, जॉन स्कॉट रसेल याच्या कारखान्यात. रसेल हा नामांकित जहाजबांधणीकार आणि लाटांच्या शास्त्रात नाव कमावलेला विद्वान. त्याने सांगितलेली किंमत होती ३,७७,२०० पौंड, यंत्रांसकट. हा आकडा कोणी गांभीर्याने तपासलाच नसावा. १८५४च्या मे महिन्यात काम सुरू झालं आणि १८५६च्या सुरुवातीला रसेलचं दिवाळं वाजलं. बोट तेव्हा अर्धीमुर्धीच उभी होती.

इथे आम्हा वेड्यांमध्ये दोन तट पडतात. एल. टी. सी. रोल्ट याने १९५७ साली ब्रुनेलचं गाजलेलं चरित्र लिहिलं आणि त्यात रसेलला जवळजवळ खलनायक करून टाकलं. वीस वर्षांनी जॉर्ज इमर्सन याने रसेलचं चरित्र लिहून त्याची बाजू मांडली. मला विचाराल तर रसेलने कंत्राट मिळवण्यासाठी भाव पाडला हे उघड दिसतं. पण ब्रुनेलही कोणाच्या हातात खिळादेखील मोकळेपणाने देणारा माणूस नव्हता. प्रत्येक नकाशा त्याच्या नजरेखालून जायला हवा, प्रत्येक बदल त्याच्या सहीने. दोन हुशार माणसं एका धंद्यात, एकाला पैशाचा हिशोब ठेवता येत नाही आणि दुसऱ्याला हिशोबाची पर्वा नाही. दिवाळं कोणाचं आधी वाजणार एवढाच प्रश्न होता.

या दिवसांतला ब्रुनेलचा एक फोटो आहे. १८५७च्या नोव्हेंबरमध्ये रॉबर्ट हाउलेट नावाच्या तरुण फोटोग्राफरने तो काढला. पाठीमागे माणसाहून उंच रचलेल्या लोखंडी साखळ्यांची भिंत, तिची एकेक कडी माणसाच्या पंजाहून मोठी. पुढे उंच काळी टोपी घातलेला बुटका ब्रुनेल, दोन्ही हात विजारीच्या खिशात, तोंडात चिरूट. विजारीवर आणि बुटांवर चिखल उडालेला. व्हिक्टोरियाच्या काळातली थोर माणसं फोटोसाठी खुर्चीत बसत, हातात पुस्तक धरत, मागे पडदा सोडत. हा माणूस कामावरून दोन मिनिटं बाजूला येऊन उभा राहिला आहे आणि कॅमेऱ्याकडे बघायलाही तयार नाही. चेहऱ्यावर झोप नाही. त्या साखळ्या बोटीला पाण्याकडे घसरताना आवरून धरण्यासाठी आणलेल्या होत्या.

नदी अरुंद म्हणून बोट काठाला समांतर बांधली होती. ती आडवी, कुशीवरून, लोखंडी रुळांवरून हळूहळू पाण्यात ढकलायची होती. ब्रुनेलला त्या दिवशी पूर्ण शांतता हवी होती. हुकूम झेंड्यांच्या खुणेने द्यायचे होते. पैशाच्या ओढीने कंपनीने तिकिटं विकली. ३ नोव्हेंबर १८५७ ला सकाळपासून लंडन लोटलं. अध्यक्षांची मुलगी हेन्रिएटा होप हिने बाटली फोडून बोटीचं नाव ठेवलं ‘लेव्हायथन’. कोणालाच ते रुचलं नाही आणि पुढे ते टिकलंही नाही. खुणा झाल्या, बोट जराशी हलली. मागच्या बाजूच्या साखळीला अचानक ताण बसला आणि रहाट उलटा फिरला. त्याच्या दांड्यांना हात लावून उभी असलेली माणसं हवेत उडाली. जॉन डोनोव्हन नावाचा म्हातारा मजूर जबर जखमी होऊन मेला. बोट काही फूट सरकून थांबली होती.

पुढचे तीन महिने हाच खेळ. एका दिवशी काही फूट, दुसऱ्या दिवशी काही इंच, कधी काहीच नाही. साखळ्या तुटल्या, पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक फुटले, कडाक्याच्या थंडीत रात्ररात्र काम झालं. बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंचा लहानसा कारखाना होता. त्यांचे जॅक या कामी आले आणि त्या जाहिरातीवर त्यांचा धंदा पुढे पिढ्यान्पिढ्या चालला. अखेर ३१ जानेवारी १८५८ ला, उधाणाच्या भरतीला, बोट तरंगली.

याच हिवाळ्यात इंग्लंडची वर्तमानपत्रं दिल्ली, कानपूर आणि लखनौच्या बातम्यांनी भरलेली होती. मेरठची ठिणगी १० मे १८५७ ला पडली आणि तिची बातमी लंडनला पोचायला जवळजवळ दीड महिना लागला. त्यानंतर शिपाई भरभरून शिडाची आणि वाफेची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून निघाली. १०,००० शिपाई एका खेपेत नेईल अशी बोट त्याच वेळी टेम्सच्या चिखलात रुतून बसली होती. ती वर्षभर आधी तयार असती तर काय झालं असतं, हा प्रश्न इतिहासात विचारू नये म्हणतात. तो विचारायचा मोह मला प्रत्येक वेळी होतो.

बोट पाण्यात पडली आणि कंपनी बुडाली. नव्या कंपनीने ती १,६०,००० पौंडांना घेतली, नाव ग्रेट ईस्टर्न कायम केलं आणि सजावटीला लागली. ५ सप्टेंबर १८५९ ला बोटीवर फोटोसाठी उभं राहिल्यानंतर ब्रुनेलला पक्षाघाताचा झटका आला. ९ तारखेला चाचणीच्या सफरीत, हेस्टिंग्जजवळच्या समुद्रात, एका धुराड्याभोवतीचं पाणी तापवण्याचं आवरण फुटलं. त्याची वाफ सोडणारी तोटी कोणीतरी बंद ठेवली होती. अख्खं धुराडं उडालं आणि भट्ट्यांवर कोळसा मारणारे पाच जण भाजून मेले. बातमी ब्रुनेलच्या कानावर गेली. १५ तारखेला तो वारला. वय ५३.

आता या बोटीने निघायला हवं होतं पूर्वेकडे. पण एवढा लांबचा धंदा जमवायला लागणारं भांडवल नव्या मालकांकडे नव्हतं. त्यांनी तिला अटलांटिकवर सोडली. माझ्या मते ग्रेट ईस्टर्नचं नशीब इथे फिरलं. स्फोट, वादळं, खडक हे सगळं नंतरचं. १२,००० टन कोळसा पोटात घेणारी बोट दहा-बारा दिवसांच्या मार्गावर घालणं म्हणजे तिचा एकमेव गुण फुकट घालवणं. लिव्हरपूल-न्यूयॉर्क मार्गावर क्यूनार्ड कंपनीच्या नेटक्या, वेगवान बोटी आधीच जम बसवून होत्या. जून १८६० मध्ये साउथॅम्प्टनहून ती पहिल्या सफरीला निघाली तेव्हा तिकीट काढलेले प्रवासी होते ३५ आणि खलाशी-नोकर ४१८. न्यूयॉर्कने तिला डोक्यावर घेतलं, पैसे देऊन बघायला हजारो लोक आले, वॉल्ट व्हिटमनने त्या वर्षाच्या कवितेत तिला जागा दिली. पण बघायला आलेली माणसं परतीचं तिकीट काढत नाहीत.

शिवाय ती डुलायची. फार डुलायची. सप्टेंबर १८६१च्या वादळात दोन्ही चाकं मोडून गेली, सुकाणूचा दांडा तुटला आणि ही एवढी बोट काही दिवस समुद्रावर नुसती लोळत राहिली. खुर्च्या, टेबलं, पियानो, माणसं, सगळं दिवाणखान्यात एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर. हॅमिल्टन टोल नावाचा अमेरिकन इंजिनिअर प्रवासी म्हणून बोटीवर होता. त्याने तुटक्या दांड्याला साखळी गुंडाळून सुकाणू कसंबसं चालू केलं, म्हणून ती आयर्लंडला लागली. पुढच्या वर्षी तो खडक. तिला घेईल अशी सुकी गोदी अमेरिकेत नव्हती, तेव्हा रेनविक बंधूंनी तळाला बाहेरून लाकडी पेटारा बसवून, त्यातलं पाणी उपसून, भगदाड जागच्या जागी बुजवलं. ही दुरुस्ती म्हणजे त्या काळातल्या इंजिनिअरिंगचा नमुना होती. खर्चाने मात्र मालक आडवे झाले.

एक बाब चरित्रकार फारशी बोलत नाहीत, म्हणून इथे थांबतो. १८६६ साली लिव्हरपूलच्या अल्फ्रेड होल्टने तीन मध्यम आकाराच्या बोटी चीनच्या मार्गावर घातल्या. त्यांच्यात एकच वाफ दोनदा कामाला लावणारं इंजिन होतं, त्यामुळे कोळसा इतका कमी लागे की त्या मॉरिशसपर्यंत न थांबता जात. ब्रुनेलने जो प्रश्न आकाराने सोडवला तो होल्टने काटकसरीने सोडवला, तोही एका साध्या बोटीच्या किमतीत. सुएझचा कालवा उघडायच्या आधीच ग्रेट ईस्टर्नची पूर्वेतली जागा गेली होती.

१८६४ साली तिचा लिलाव झाला. २५,००० पौंड! बांधायला गेलेल्या पैशाच्या मानाने भंगाराचा भाव. घेणाऱ्यांत डॅनियल गूच होता, ब्रुनेलचा रेल्वेतला जुना सहकारी. त्याने तिला प्रवासी वाहायला लावलंच नाही. अटलांटिकच्या तळावरून तारेची केबल टाकायचे आधीचे प्रयत्न फसले होते, कारण अख्खी केबल पोटात घेईल अशी बोटच नव्हती. दोन बोटींवर अर्धी अर्धी भरून भर समुद्रात जोड द्यावा लागे. गूचने सांगितलं, भाडं रोख नको. केबल चालली तर ५०,००० पौंडांचे शेअर द्या.

बोटीच्या पोटातले दिवाणखाने आणि काही खोल्या फोडून तिथे तीन प्रचंड टाक्या बसवल्या. तांब्याच्या तारेवर गटापर्चाचं आवरण, त्यावर ताग आणि लोखंडी तारांचं कवच, अशी केबल वेटोळी घालून पाण्यात बुडवून ठेवायची आणि मागच्या बाजूने चाकांवरून सोडत जायचं. १८६५च्या जुलैमध्ये आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटाजवळून सुरुवात झाली. काही मैल झाले की मापकाचा काटा सांगे, केबलमध्ये दोष आहे. ओढून वर काढली तर आवरणातून आरपार गेलेला लोखंडी तारेचा तुकडा. पुन्हा तसंच. घातपाताचा संशय आला. टाकीतल्या कामगारांवर बोटीवरच्या साहेबलोकांनी आळीपाळीने पहारा ठेवला. शेवटी पहाऱ्यावर असलेल्यांच्या डोळ्यांदेखत तसाच तुकडा निघाला. केबलच्या कवचाचीच ठिसूळ तार तुटून आत शिरत होती. २ ऑगस्टला केबल तुटून अडीच मैल खोल गेली. गळ टाकून तीनदा वर उचलली, तिन्ही वेळा दोर तुटला.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. १३ जुलै १८६६ ला निघून २७ जुलैला न्यूफाउंडलंडच्या हार्ट्स कंटेंट या गावी नवी केबल किनाऱ्याला लागली. युरोप आणि अमेरिका जोडले गेले. पण माझ्या लेखी बोटीचा सगळ्यात मोठा पराक्रम त्यानंतरचा आहे. ती परत फिरली, आदल्या वर्षी जिथे केबल हरवली तिथे, खुल्या समुद्रात, जाऊन गळ टाकत राहिली. व्हॅलेन्शियाच्या खोलीत कारकून वर्षभर त्या मेलेल्या तारेवर लक्ष ठेवून होते. विल्यम टॉमसनच्या यंत्रात एक इवलासा आरसा असे आणि त्यावरून पडणारा उजेडाचा ठिपका पट्टीवर सरकला की समजायचं, विजेचा संदेश आला. वर्षभर तो ठिपका पृथ्वीतल्या विजेच्या प्रवाहांमुळे उगाच इकडेतिकडे भरकटायचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी पहाटे तो अचानक शिस्तीत हलायला लागला. अटलांटिकच्या मध्यावरून कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं.

याच बोटीच्या प्रेमात पडलेला सगळ्यात नामांकित माणूस म्हणजे जुल व्हर्न. भा. रा. भागवतांनी ज्या व्हर्नला मराठी पोरांच्या हाती दिलं तोच. १८५९ साली इंग्लंडच्या सहलीत त्याने ती टेम्समध्ये सजताना पाहिली होती. मार्च १८६७ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी अमेरिकन लोक आणायला फ्रेंचांनी ती भाड्याने घेतली, तेव्हा व्हर्न भावाला घेऊन लिव्हरपूलहून तिच्यावर चढला आणि ९ एप्रिलला न्यूयॉर्कला उतरला. आठवडाभर अमेरिका, धावतपळत नायगारा, आणि त्याच बोटीने परत. त्यातून त्याने ‘तरंगतं शहर’ अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. कथानक यथातथाच आहे. नायिका, द्वंद्वयुद्ध, वीज कोसळणे, सगळा मसाला. पण जिथे तो नुसता डेकवर फिरतो आणि बघतो ती पानं अजून ताजी आहेत. ‘समुद्राखाली वीस हजार लीग’मध्येही नॉटिलस अटलांटिकच्या केबलवरून जाते तेव्हा तो थांबून ग्रेट ईस्टर्नची कथा सांगतो. काल्पनिक पाणबुडीच्या कादंबरीत खऱ्या बोटीसाठी एवढी जागा, यावरून त्याचं वेड समजतं.

आता मुंबई. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि युद्ध संपताच ‘शेअर मॅनिया’चा फुगा फुटला. या सगळ्यात लिव्हरपूलचा भाव कोणाला आधी कळतो यावर घरंदारं उभी राहत होती नि बसत होती. इराणच्या आखातातून जाणारी तार १८६५ पासून होती, पण पुढे ती तुर्कस्तानच्या जमिनीवरून जाई. इंग्रजी न समजणारे तारबाबू अक्षरं पुढे ढकलत. संदेश येता येता दिवस जात आणि आला तरी त्याचा अर्थ लावत बसावं लागे. लंडनला, आणि मुंबईच्या पेढ्यांनाही, समुद्राखालची सरळ तार हवी होती. जॉन पेंडर या कापडाच्या व्यापाऱ्याने त्यासाठी ब्रिटिश इंडियन सबमरीन टेलिग्राफ कंपनी काढली.

नोव्हेंबर १८६९ मध्ये ग्रेट ईस्टर्न इंग्लंडहून निघाली. कप्तान होता आयर्लंडच्या विकलो गावचा रॉबर्ट हॅल्पिन. अटलांटिकच्या केबलच्या वेळी तो याच बोटीवर पहिला अधिकारी होता. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सुएझचा कालवा समारंभाने उघडला, आणि ही बोट त्यातून जाऊच शकत नव्हती. तिला कालवा उथळ पडत होता. ती आपली जुन्या वाटेने, आफ्रिकेला वळसा घालून, जानेवारी १८७० च्या अखेरीस मुंबईत आली. गटापर्चा उन्हात मऊ पडू नये, टाक्या थंड राहाव्यात म्हणून तिचं काळं अंग पांढरं रंगवलेलं होतं. मुंबई बंदरात पांढऱ्या रंगातली ६९२ फुटांची बोट! बंदराने तेवढी मोठी बोट तोवर पाहिली नव्हती आणि पुढची तीस वर्षं पाहणार नव्हती, कारण जगात तेवढी लांब दुसरी नव्हतीच.

फेब्रुवारीच्या मध्यावर तिने मुंबईच्या किनाऱ्याला लावलेल्या टोकाला आपली केबल जोडली आणि एडनकडे निघाली. सुमारे १,८०० सागरी मैलांचं काम, वेग ताशी पाच-सहा मैल, रात्रंदिवस. सोबत पत्रकार जे. सी. पार्किन्सन होता, त्याने त्या सफरीवर पुस्तक लिहिलं. महिना संपता संपता एडन आलं. तिथून सुएझपर्यंतचा तुकडा इतर बोटींनी टाकला, आणि भूमध्य समुद्रातून जिब्राल्टरमार्गे जूनमध्ये तार इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्थकर्नोला पोचली. २३ जून १८७० च्या रात्री पेंडरच्या लंडनच्या घरी मेजवानी झाली. युवराज हजर होते. सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोंना तार गेली आणि काही मिनिटांत उत्तर आलं. तेरा वर्षांपूर्वी मेरठच्या बातमीला दीड महिना लागला होता. राज्य करणाऱ्यांच्या दृष्टीने यातला फरक १०,००० शिपायांपेक्षा मोठा होता, हे वेगळं सांगायला नको. कापसाच्या दलालांना तर तो दुसऱ्याच दिवशी जाणवला असेल.

पुढचं झटपट उरकतो, कारण तिथे बघण्यासारखं थोडं आहे. केबलसाठी खास बांधलेल्या ‘हूपर’ आणि ‘फॅरडे’ या बोटी १८७३-७४ मध्ये आल्या आणि हिचं काम संपलं. बारा वर्षं ती वेल्सच्या मिलफर्ड हेवन खाडीत शेवाळ धरत पडून होती. १८८६ साली लिव्हरपूलच्या प्रदर्शनात लुइस या दुकानदाराने तिच्या अंगावर मोठमोठ्या अक्षरांत आपल्या दुकानाची जाहिरात रंगवली, डेकवर सर्कशीसारखे खेळ लावले आणि लोकांनी गर्दी केली. उभ्या आयुष्यात तिला एवढे प्रवासी मिळाले नव्हते. १८८८ मध्ये भंगारवाल्यांनी मर्सी नदीच्या काठी तिला हात घातला. दोन अंगं फोडायची म्हणजे काम दुप्पट. साखळीला टांगलेला लोखंडी गोळा आपटून आपटून पत्रे सोडवावे लागले. तिची लांबी ओलांडणारी ‘ओशियानिक’ १८९९ साली, टनेज ओलांडणारी ‘सेल्टिक’ १९०१ साली आणि प्रवाशांची संख्या ओलांडणारी ‘इंपेरेटर’ १९१३ साली आली.

आमच्यासारख्यांना जाऊन हात लावता येईल असं थोडंफार उरलंय. मिलवॉलला टेम्सच्या ओहोटीला तिच्या घसरणीच्या लाकडी ओंडक्यांचे अवशेष दिसतात. स्फोटात उडालेल्या धुराड्याचा एक भाग वर्षानुवर्षं डॉर्सेटच्या पाणीपुरवठ्यात वापरात होता. तो आता ब्रिस्टलला, ‘ग्रेट ब्रिटन’ बोटीच्या संग्रहालयात आहे. तिच्या डोलकाठीचा वरचा भाग लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर ध्वजस्तंभ म्हणून उभा आहे. तिथे दर आठवड्याला जाणाऱ्या किती फुटबॉलवेड्यांना ते ठाऊक आहे, देव जाणे.

आणि राहता राहिला सांगाडा. बोट फोडताना दोन पत्र्यांच्या मधल्या पोकळीत एका रिव्हेट ठोकणाऱ्याची आणि त्याच्या हाताखालच्या पोराची हाडं सापडली, ही कथा ग्रेट ईस्टर्नचं नाव काढलं की कोणीतरी काढतोच. बोटीच्या सगळ्या अपशकुनांचं मूळ म्हणे ते. १९५३ साली जेम्स डुगन या अमेरिकन लेखकाच्या पुस्तकाने ती जगभर नेली. मी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. बोट फोडण्याचं काम लिव्हरपूलच्या समोरच्या काठावर, लोकांच्या नजरेसमोर दीड-दोन वर्षं चाललं होतं. तिच्या खुर्च्या कोणी नेल्या, घंटा कोणी नेली, हेही छापून आणणाऱ्या तिथल्या वर्तमानपत्रांनी तीस वर्षं कोंडलेले दोन सांगाडे तसेच सोडून दिले असते होय?